घेतले बायकोने, भरायचे नवऱ्याने?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. गेल्या ऑगस्टात मिस्टरांचा पगार ५६,४०० पौंडांवरून ६६,००० झाला. भारतात फोन झाले, सगळ्यांना पेढे झाले. आणि परवा त्यांच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, साठ हजारांच्या वर गेलं की चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठी मिळणारा सरकारी भत्ता, परत करावा लागतो. आमची मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. बेनिफिट माझ्या नावावर आहे, दर चार आठवड्यांनी १७३ पौंड २० पेन्स येतात. त्यातून पोहण्याचा क्लास, शाळेच्या ट्रिपा, आणि उरेल ते मुलांच्या नावाने शिल्लक. मी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, वर्षाचे १४,००० मिळतात. आता मिस्टर म्हणतात, पैसे तुझ्या खात्यात येतात, मग टॅक्स मी का भरू? ऑफिसातला दुसरा म्हणतो, काही करू नका, पीएवायईतून, म्हणजे पगारातून टॅक्स कापतात त्यातूनच, आपोआप कापलं जातं. मैत्रीण म्हणते, क्लेमच बंद करून टाक, कटकट मिटेल. ऑगस्टच्या आधी मिळालेलेही परत करायचे का? मार्चमध्ये ३,००० पौंड बोनस आहे, त्याचीच आता धास्ती वाटायला लागली आहे.

उत्तर : पगारवाढीबद्दल अभिनंदन, आणि बोनसची धास्ती घेऊ नका. तीन माणसांनी तीन सल्ले दिले आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत, हे आधी सांगून टाकते.

या प्रकाराला हाय इन्कम चाइल्ड बेनिफिट चार्ज म्हणतात. ७ जानेवारी २०१३ला तो सुरू झाला तेव्हा मर्यादा ५०,००० पौंडांची होती. ६ एप्रिल २०२४पासून ती ६०,०००वर आली. साठ हजार ओलांडले की सगळं बेनिफिट गेलं, असं मात्र नाही. साठच्या वरच्या प्रत्येक २०० पौंडांमागे बेनिफिटचा एक टक्का टॅक्स म्हणून परत जातो. ८०,०००ला पोचलात की शंभर टक्के होतात. जिना आहे, कडा नाही. तुम्ही अजून खालच्या पायऱ्यांवरच आहात.

आता ऑगस्टचं. टॅक्सवाल्यांना महिना कळत नाही, वर्ष कळतं, ६ एप्रिल ते ५ एप्रिल. पगार कधी वाढला याला अर्थ नाही. त्या वर्षात एकूण उत्पन्न किती झालं आणि त्या वर्षात बेनिफिट किती मिळालं, एवढंच बघतात. त्यामुळे एप्रिल ते जुलैचे पैसेही हिशेबात येतात. पण त्याच न्यायाने त्या चार महिन्यांचा जुना, कमी पगारही हिशेबात येतो, आणि तो तुमच्या फायद्याचा आहे.

तुम्ही सोबत पेस्लिपा पाठवल्यात ते फार बरं केलंत. नाहीतर लोक नुसता ‘पॅकेज’चा आकडा पाठवतात आणि मी हवेत उत्तर द्यायचं. चला, कागद पेन्सिल घेऊन बसू.

चार महिने जुन्या पगाराचे १८,८००. आठ महिने नव्या पगाराचे ४४,०००. बोनस ३,०००. झाले ६५,८००. यात बचत खात्याचं व्याज ३०० मिळवा. हो, मिळवायचं. ‘पाचशेपर्यंत व्याजावर टॅक्स नाही’ हे खरं, पण त्यावरचा दर शून्य आहे, उत्पन्न म्हणून ते मोजलं जातंच. (आयसा या करमुक्त बचत खात्यातलं व्याज तेवढं मोजत नाहीत.) आणि मिस्टरांच्या नावावर पुण्याच्या बँकेत एनआरई (अनिवासी भारतीयांची) एफडी आहे म्हणता, तिचं वर्षाचं व्याज १२० पौंडांच्या आसपास. ते भारतात करमुक्त आहे म्हणून इथेही करमुक्त, असा आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात समज असतो. इथे राहणाऱ्याला ते इथे दाखवावं लागतं. नव्याने आलेल्यांसाठी पहिल्या चार वर्षांचा वेगळा नियम आहे, तुमची ती वर्षं केव्हाच सरली. एकूण ६६,२२०.

आता वजाबाक्या, आणि लोक इथेच घसरतात. पेन्शन. मिस्टरांच्या पेस्लिपवर बघा, पेन्शनचे १६० पौंड टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून जाणारी सरकारी विमा-वर्गणी) कापून झाल्यावर, खालच्या बाजूला कापले आहेत. याचा अर्थ तुमची योजना ‘रिलीफ ॲट सोर्स’ पद्धतीची आहे. तुम्ही १६० देता, पेन्शन कंपनी सरकारकडून ४० मिळवते, खात्यात २०० पडतात. वजा करायचे ते हे २००. वर्षाचे २,४००. ज्यांच्याकडे पेन्शन टॅक्सच्या आधीच कापलं जातं, किंवा सॅलरी सॅक्रिफाइस (पगारच तेवढा कमी करून पेन्शन भरणं) आहे, त्यांच्या पी६०वरचा, म्हणजे ऑफिसकडून मिळणाऱ्या वर्षाच्या पगार-टॅक्सच्या दाखल्यावरचा, आकडा मुळातच कमी होऊन आलेला असतो. त्यांनी पुन्हा वजा केलं तर दोनदा वजा झालं. माझ्याकडे येणाऱ्या कागदांत ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, की आता पी६० हातात घेतला की आधी पेस्लिप मागते.

दुसरी वजाबाकी गिफ्ट एडची, म्हणजे दानावरच्या टॅक्स सवलतीची. देवळाला आणि हॉस्पिसला मिळून वर्षात २०० पौंड दिलेत आणि फॉर्मवर गिफ्ट एडची खूण केलीत, ते सरकारची भर धरून २५० धरायचे. पावत्या जपून ठेवा.

६६,२२०मधून २,४०० आणि २५० गेले. उरले ६३,५७०. याला टॅक्सच्या भाषेत ॲडजस्टेड नेट इन्कम म्हणतात आणि सगळा खेळ या एका आकड्याचा आहे. ऑफर लेटरवरचे ६६,००० विसरा.

६०,०००च्या वर ३,५७०. भागिले २००, आले १७.८५. अपूर्णांक सोडून द्यायचा, १७ टक्के. दोन मुलांचं २०२५-२६चं बेनिफिट आठवड्याला २६.०५ आणि १७.२५, मिळून ४३.३०, बावन्न आठवड्यांचे २,२५१ पौंड ६० पेन्स. त्याचे सतरा टक्के ३८२ पौंड, वरचे पेन्स सोडून. म्हणजे तुमच्या घरात १,८६९ पौंड राहतात. मैत्रिणीचं ऐकून क्लेम बंद केला असतात तर ३८२ वाचवायला १,८६९ सोडले असते.

बोनसचंही सांगते. ३,००० बोनसमधले १,२०० इन्कम टॅक्सला, ६० नॅशनल इन्शुरन्सला आणि या चार्जमुळे आणखी ३३७ जातील. हातात साधारण १,४०० पडतील. अर्ध्याहून जास्त गेले म्हणून चिडायला हरकत नाही, मीही चिडले असते. पण बोनस नको म्हणायचं कारण नाही. बोनस घेतल्याने कुणी आधीपेक्षा गरीब होत नाही.

आता तुमच्या स्वयंपाकघरातला खरा प्रश्न. पैसे तू घेतेस, टॅक्स मी का भरू?

कायदा सरळ आहे. जोडप्यात ज्याचं ॲडजस्टेड नेट इन्कम जास्त, चार्ज त्याच्यावर. बेनिफिट कुणाच्या खात्यात जातं याच्याशी संबंध नाही. लग्न झालेलं असो वा नुसतं एकत्र राहत असाल, नियम तोच. तेव्हा मिस्टरांना सांगा, टॅक्सचा फॉर्म तुमच्याच नावाचा.

पण तुमच्या खात्यात ते का येतात, त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. १९४५ साली इथे फॅमिली अलाउन्सचा कायदा व्हायचा होता, तेव्हा मसुद्यात पैसे बापाच्या नावाने लिहिले होते. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई त्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्या होत्या. त्यांनी पार्लमेंटात हे अडवलं आणि पैसे आईच्या हाती पडतील असा बदल करून घेतला. दुसऱ्या मुलापासून पुढे, आठवड्याला पाच शिलिंग. पहिले पैसे ऑगस्ट १९४६मध्ये मिळाले. रॅथबोन बाई त्याच वर्षीच्या जानेवारीत वारल्या होत्या. आजचं चाइल्ड बेनिफिट हे त्याचंच पुढचं रूप. आईच्या हातातला पैसा मुलांच्या अंगावर दिसतो, असं त्या काळी इथेही म्हणत होते. तुमच्या पोहण्याच्या क्लासचा हिशेब बघितला तर आजही खरंच आहे.

व्यवहाराचं म्हणाल तर असं करा. दर चार आठवड्यांनी १७३ पौंड आले की त्यातले ३० वेगळ्या पॉटमध्ये टाका. वर्षात तेरा वेळा येतात, ३९० जमतील. टॅक्स भरायची वेळ आली की ते मिस्टरांच्या खात्यावर पाठवा. त्यांनी भरलं असंही होतं आणि त्यांच्या खिशातून गेलं नाही असंही होतं. पुढच्या वर्षी पगार पूर्ण बारा महिने ६६,०००चा असेल. बाकी सगळं जसंच्या तसं आणि बेनिफिटही याच दराने धरलं तर चार्ज ३३ टक्के, म्हणजे ७४३ पौंड होतो. तेव्हा तीसचे साठ करा.

‘आपोआप कापलं जातं’ या वाक्याने आजवर जेवढ्या घरांना गोत्यात आणलंय तेवढं दुसऱ्या कशाने नसेल. पगारावरचा टॅक्स आपोआप कापला जातो. हा चार्ज नाही. बेनिफिट तुमच्या नावावर, पगार त्यांच्या नावावर, आणि ऑफिसच्या पेरोलला तुम्हाला मुलं किती हेही माहीत नसतं. आपण जाऊन सांगावं लागतं. सांगायचे रस्ते दोन. एक जुना, सेल्फ असेसमेंट, म्हणजे आपण स्वतः टॅक्स रिटर्न भरणं. २०२५-२६साठी ५ ऑक्टोबर २०२६पर्यंत नाव नोंदवायचं आणि ३१ जानेवारी २०२७पर्यंत ऑनलाइन रिटर्न भरून पैसेही भरायचे. दुसरा २०२५मध्ये सुरू झालेला. ज्यांना रिटर्न भरायचं दुसरं कारण नाही, त्यांनी ऑनलाइन कळवलं की टॅक्स कोड बदलतो आणि चार्ज पगारातून महिन्या-महिन्याला थोडा थोडा कापला जातो. ऑफिसातल्या मित्राने यातलंच अर्धं ऐकलेलं दिसतंय.

तुमच्यासाठी मी पहिलाच रस्ता सांगेन, तो त्या पुण्याच्या एफडीमुळे. परदेशातलं व्याज दाखवायचंच आहे तर एकाच रिटर्नमध्ये सगळं उरकून टाका. त्याच रिटर्नमध्ये मिस्टरांना पेन्शनवरची चाळीस टक्क्यांतली उरलेली वीस टक्के सवलतही मागता येईल. गेली चार वर्षं त्यांनी ती मागितलेली नाही, असं कागदांवरून दिसतं. मागच्या चार वर्षांपर्यंतची मागता येते. ज्या वर्षी पगार ५०,२७०च्या वर, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या टप्प्यात, होता ती वर्षं तपासा. गंमत अशी, की यातून मिळणारी रक्कम या वर्षीच्या चार्जपेक्षा जास्त निघू शकते.

अजून एक वाट आहे. मिस्टरांच्या मनात असेल तर ५ एप्रिल २०२६च्या आत पेन्शनमध्ये स्वतःहून २,८५६ पौंड भरले, तर सरकारचे धरून खात्यात ३,५७० पडतील आणि ॲडजस्टेड नेट इन्कमचा आकडा बरोबर ६०,०००वर येईल. चार्ज शून्य. वर ७१४ पौंडांची टॅक्सची सवलत. म्हणजे खिशातून निव्वळ १,७६० जाऊन पेन्शनमध्ये ३,५७० जमले. सौदा वाईट नाही. फक्त हे पैसे आज पंचावन्नपर्यंत आणि एप्रिल २०२८पासून सत्तावन्न वर्षांपर्यंत अडकणार. घराचं डिपॉझिट जमवत असाल तर या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा सोपं काम म्हणजे बचत खातं तुमच्या नावावर करून टाका. तुमच्या १४,०००च्या पगारावर त्या व्याजाला टॅक्सही नाही आणि मिस्टरांच्या आकड्यातून ३०० कमी होतात.

राहिलं ते माझं मत. तुमच्या शेजारी नवरा-बायको दोघं ५९,०००-५९,००० मिळवत असतील, तर त्या घरात १,१८,००० येऊनही चार्ज शून्य. आणि एकाच कमावत्याचे ८०,००० असले की सगळं बेनिफिट गेलं. मार्च २०२४मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी हे घराच्या एकत्र उत्पन्नावर नेऊ असं जाहीर केलं होतं. सरकार बदललं आणि ३० ऑक्टोबर २०२४च्या बजेटात ते रद्द झालं. आपल्याकडे मुलं लहान असताना एकाने घरी राहायचं किंवा शाळेच्या वेळेतली नोकरी धरायची, ही घरं पुष्कळ. त्यांनाच हा नियम जास्त बोचतो.

प्रश्न : मी लीड्सला असते. बाळ आठ महिन्यांचं आहे. नोकरी सोडली, सध्या परत जायचा विचार नाही. नवऱ्याचा पगार ९५,०००. बेनिफिट मिळालं तरी सगळं परतच जाणार, म्हणून फॉर्म भरलाच नाही. सासूबाई इथे आल्या आहेत, त्यांनी तुमचा कॉलम वाचून मला लिहायला लावलं.

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आज बाळ झोपलं की फॉर्म भरा, आणि तुमच्या नावाने भरा, नवऱ्याच्या नाही.

क्लेम करणं आणि पैसे घेणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्लेम करताना ‘पैसे नकोत’ असं सांगता येतं. पैसे आले नाहीत की चार्जही नाही. पण क्लेम असला की बाळ बारा वर्षांचं होईपर्यंत तुमच्या नावावर नॅशनल इन्शुरन्सचं क्रेडिट पडत राहतं, म्हणजे न भरताही ती वर्षं भरल्यासारखी धरतात. इथलं पूर्ण सरकारी पेन्शन मिळवायला साधारण ३५ वर्षं भरावी लागतात, आणि दहाच्या खाली असलात तर काहीच नाही. आपण पंचविशी-तिशीत इथे आलेल्या बायका. आपली वर्षं आधीच कमी. २०२५-२६मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड आहे; एक वर्ष म्हणजे त्यातले साडेसहा पौंड, दर आठवड्याला, हयात असेपर्यंत. एका फॉर्मसाठी अशी दहा-अकरा वर्षं घालवू नका.

नवऱ्याच्या नावाने भरलात तर क्रेडिट त्याच्या नावावर पडेल. त्याला ते पगारातून मिळतच आहे, काही उपयोग नाही. (कुणाच्या घरी असं झालं असेल तर ते बायकोच्या नावावर वळवून घेता येतं. अर्ज करावा लागतो.) क्लेम तीन महिने मागेपर्यंतचाच धरतात, म्हणून आज म्हटलं. शिवाय मुलाला सोळाव्या वर्षाच्या आधी नॅशनल इन्शुरन्स नंबर आपोआप घरपोच येतो. नाहीतर पंधरा वर्षांनी त्याच्या पहिल्या शनिवारच्या नोकरीच्या वेळी धावपळ.

पुढेमागे नवऱ्याने नोकरी बदलली, चार दिवसांचा आठवडा घेतला आणि आकडा ८०,०००च्या खाली आला तर पैसे चालू करून घ्या.

प्रश्न : मी स्किल्ड वर्कर व्हिसावर स्विंडनला आहे. मुलगी तीन वर्षांची. माझा पगार ४८,०००, म्हणजे चार्ज लागणारच नाही. मित्र म्हणतो, मग बेनिफिट का सोडतोस?

उत्तर : मित्राचं ऐकू नका. तुमच्या ई-व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) असेल, आणि चाइल्ड बेनिफिट त्या पब्लिक फंड्सच्या यादीत आहे. पगार किती हा प्रश्नच येत नाही. घेतलंत तर पैसे परत करावे लागतीलच, पुढे आयएलआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवानगीच्या, वेळीही अडचण येऊ शकते. बायको ब्रिटिश किंवा सेटल्ड असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर पुन्हा लिहा. नाहीतर आयएलआर मिळालं की त्याच आठवड्यात क्लेम करा.

प्रश्न : हाउन्स्लोहून लिहितोय. नाव छापू नका. टॅक्सवाल्यांची दोन पाकिटं आली आहेत. पहिलं उघडलं, चाइल्ड बेनिफिटबद्दल होतं, २०२३-२४चं. दुसरं उघडायची हिंमत झालेली नाही. मुलगी एकच. त्या वर्षी माझा सगळा धरून आकडा ५७,३०० होता, पुढच्या वर्षीही तेवढाच. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : भाऊ, तुम्हाला आमच्या घरातली गोष्ट सांगते.

मी गेली वीस वर्षं हॅरोमध्ये लोकांचे हिशेब लिहिते. २०१४मध्ये ह्यांना बढती मिळाली, २०१४-१५चा आकडा ५८,०००वर गेला. तेव्हा मर्यादा ५०,०००ची आणि दर १०० पौंडांना एक टक्का. दोन मुली, बेनिफिट माझ्या नावावर. मी दुसऱ्यांना हाच नियम समजावून सांगत होते आणि आमच्या घराचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ह्यांना वाटलं, हिशेबाचं ती बघते. मला वाटलं, ह्यांचा पगार ह्यांचं ऑफिस बघतं. एक दिवस दारामागे पिझ्झाच्या जाहिरातींत तपकिरी पाकीट सापडलं. मी ते मायक्रोवेव्हवर ठेवलं. तिथे ते अकरा दिवस होतं. मी रोज त्याच्याकडे न बघता चहा गरम करत होते. उघडलं तेव्हा ऐंशी टक्के, १,४१६ पौंड. हे रागावले नाहीत. हसले, आणि ते मला जास्त लागलं.

आता तुमचं. २०२३-२४ला जुनाच नियम होता. ५७,३०० म्हणजे ७३ टक्के. एका मुलीचं त्या वर्षीचं बेनिफिट आठवड्याला २४ पौंड, वर्षाचं १,२४८. चार्ज झाला ९११ पौंड, वर थोडं व्याज. २०२४-२५ला मर्यादा ६०,००० झाली, तेव्हा त्याच पगारावर तुमचा चार्ज शून्य. म्हणजे जे काही आहे ते मागच्याच वर्षांचं. २०२२-२३मध्येही ५०,०००च्या वर होतात का, ते मात्र जुना पी६० काढून बघा आणि असलात तर त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगून टाका. स्वतःहून सांगणाऱ्याला दंड कमी लागतो, कधी शून्यही होतो. पत्र आल्यावर सांगितलं तरी सवलत मिळते, पण तेवढी नाही. दंडाचं पत्र आलंच तर अपिलाची मुदत तीस दिवसांची असते आणि ते तीस दिवस पाकिटाच्या आत चालू होतात. म्हणून दुसरं पाकीट आजच उघडा. रक्कम एकदम झेपणार नसेल तर फोन करून हप्ते मागा, देतात.

बायकोला आज संध्याकाळी सांगा. बेनिफिट तिच्या खात्यात गेलेलं असणार आणि वर्षात किती मिळालं तो आकडा तिच्याकडूनच घ्यावा लागणार आहे. दुसऱ्या पाकिटात काय निघालं ते मला कळवा. नाव छापणार नाही.